अपग्रेडनंतर मेन्यूतली अक्षरं दिसेनाशी झाली तर

डेबियन लिनक्स १२ वरून १३ वर गेल्यापासून फायरफॉक्स आणि इंकस्केपच्या मेन्यूत पांढऱ्यावर पांढरी अक्षरं दिसतात, डॉल्फिन (फाइल मॅनेजर) आणि केट (टेक्स्ट एडिटर) मात्र व्यवस्थित आहेत, असं तुम्ही लिहिलंय. निदानाला सगळ्यात उपयोगी पडणारी माहिती हीच आहे. ॲपच्या खिडक्या आणि मेन्यू काढणाऱ्या दोन वेगळ्या लायब्ररी आहेत, क्यूटी आणि जीटीके. डॉल्फिन आणि केट क्यूटीवर चालतात, फायरफॉक्स आणि इंकस्केप जीटीके ३ वर. या अपग्रेडमध्ये प्लाझ्मा, म्हणजे क्यूटीवरच बांधलेला केडीईचा डेस्कटॉप, ५.२७ वरून थेट ६.३ वर आला. त्याची स्वतःची बाजू नीट बसली आहे, गडबड जीटीकेच्या सेटिंगमध्ये आहे. त्यामुळे केडीईची रंगसंगती बदलत बसून फार काही हाती लागणार नाही.

कुणाच्या सांगण्यावरून ॲप्सची सेटिंग्ज ठेवणारं अख्खं .कॉन्फिग फोल्डर मात्र उडवू नका. क्रोमियम वापरत असाल तर त्याचे बुकमार्क आणि पासवर्डसुद्धा तिथेच असतात. त्याऐवजी एक नवा युजर तयार करा आणि त्यातून लॉगिन करून इंकस्केप उघडा. तिथे मेन्यू नीट वाचता आला, तर सिस्टिम ठणठणीत आहे आणि दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या (तुमच्या युजरच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या) एखाद्या जुन्या फाइलचा आहे.

बहुतेक वेळा ती फाइल सापडते .कॉन्फिगमधल्या जीटीके-३.० या फोल्डरात. डॉल्फिनमध्ये कंट्रोल-एच दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात. आतली जीटीके.सीएसएस केटमध्ये उघडा. केडीईची स्वतःची ओळ तिथे एकच असते, कलर्स.सीएसएस आत ओढून घेणारी. त्याखेरीज मेन्यूच्या अक्षरांना पांढरा रंग देणारी एखादी ओळ दिसली, तर ती कधीकाळी गडद थीमसाठी तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने घातलेली असणार. या फाइलमधलं लिखाण थीमपेक्षा वरचढ ठरतं. आता अपग्रेडमध्ये जुनी गडद थीम निघून गेली की जीटीके ३ निमूटपणे आपल्या अंगभूत अद्वैता थीमवर येतं, आणि ती फिकी असते. म्हणजे अक्षरांचा रंग जुन्या फाइलमधून येतो आणि पार्श्वभूमी नव्या थीममधून. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र आल्यावर वाचता येत नाही.

फाइल पुसू नका, नाव बदलून ठेवा. मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये कलर्स अँड थीम्स, त्यात ॲप्लिकेशन स्टाइल, आणि तिथे जीटीके ॲप्सची स्टाइल ठरवण्याचं बटण आहे, त्यात ब्रीझ ही केडीईची थीम निवडा. यादीत ब्रीझ नसेल तर ब्रीझ-जीटीके-थीम हे पॅकेज टाका. केडीईचे रंग जीटीके ॲप्सपर्यंत नीट पोचवायचं काम हीच थीम करते. लॉगआउट करून परत या. जुनी ओळ ठेवायचीच असेल तर अक्षरांसोबत पार्श्वभूमीचाही रंग त्याच जागी लिहा. एकट्या अक्षरांचा रंग कधीच ठरवू नये, पुढच्या अपग्रेडला हेच दुखणं परत येईल.

तरीही एखादं ॲप हट्टीपणा करत असेल तर ते कुठून चालतंय ते बघा. पॅकेज टाकण्याचं सिनॅप्टिक हे ॲप रूट (सिस्टिमचा मुख्य युजर) म्हणून चालतं, त्यामुळे तुमच्या होममधली सेटिंग त्याला लागू होत नाही. फ्लॅटपॅक म्हणून टाकलेलं ॲप सिस्टिमपासून वेगळं, बंदिस्त चालतं, त्याला सिस्टिममधली थीम दिसत नाही, त्यासाठी ब्रीझचा वेगळा फ्लॅटपॅक लागतो. लिबअद्वैता या नोमच्या नव्या लायब्ररीवर बांधलेली ॲप्स तर थीम मानतच नाहीत, फिकं की गडद आणि फार तर ठळक रंग (ॲक्सेंट) कोणता एवढंच विचारतात.

उलट केस असेल, म्हणजे क्यूटीचीच ॲप्स बिघडली असतील, तर .प्रोफाइल आणि ईटीसीमधली एन्व्हायर्नमेंट फाइल तपासा. क्यूटी ॲप्सचं रूप बदलणाऱ्या क्यूटी५सीटी किंवा क्वान्टमसाठी पूर्वी घातलेली ओळ तिथे राहून जाते. क्यूटी ५ साठी बांधलेलं प्लगइन क्यूटी ६ मध्ये चालत नाही, आणि ती ओळ असेपर्यंत केडीईचे रंगही वापरले जात नाहीत. ती ओळ काढून पुन्हा लॉगिन करा.

नव्या युजरमध्येही मेन्यू पांढराच दिसला, तर जीटीके थीमच्या यादीत काय काय दिसतंय ते इथे लिहा. मग पुढचं पॅकेजच्या बाजूने शोधू.