परदेशातून भारतात गुंतवणूक: ब्रोकर निवडण्याआधी

अमेरिकेत नुकतेच आला आहात आणि लगेच बचतीचा विचार करताय, हे फार चांगलं. पण 'स्वस्त ब्रोकर कोणता' हा प्रश्न थोडा नंतर घ्या.

आधी भारतातलं जुनं बचत खातं बघा. नोकरीसाठी देश सोडला की फेमा (परकीय चलन व्यवहारांचा) कायद्याप्रमाणे ते एनआरओ, म्हणजे भारतातल्या कमाईसाठीचं अनिवासी खातं, करून घ्यावं लागतं. निवासी डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) तसंच चालू ठेवता येत नाही. सुरुवातीची सगळ्यात मोठी चूक हीच. मीही दोन वर्षं जुन्याच खात्यातून एसआयपी (फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) चालू ठेवली. निस्तरताना सुट्टीचे चार दिवस बँकेत गेले.

मग पैसा कुठला ते ठरवा:

- परदेशातल्या पगारातला असेल तर एनआरई, म्हणजे परदेशी कमाईसाठीचं अनिवासी खातं. मुद्दल आणि व्याज, दोन्ही विनामर्यादा परत नेता येतं.
- भारतातलं घरभाडं किंवा लाभांश असेल तर एनआरओ. तिथून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, तेही कर भरून.

आता ब्रोकर. 'अमेरिकेत राहणाऱ्याला खातं देता का?' हे लेखी विचारा. फॅटकामुळे (परदेशातल्या खात्यांची माहिती मागणारा अमेरिकी कायदा) काही फंड कंपन्या अमेरिका-कॅनडातल्यांचे पैसे घेत नाहीत. शिवाय भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकी करखात्याच्या लेखी पीएफआयसी, म्हणजे कराचे कडक नियम लागणारी परदेशी गुंतवणूक, ठरतात. फंडागणिक ८६२१ क्रमांकाचा वेगळा फॉर्म भरायची वेळ येऊ शकते. म्हणून माझं स्पष्ट मत: पहिलं वर्ष भारतीय फंड नकोतच, अमेरिकेतल्याच खात्यात साधा इंडेक्स फंड (बाजार निर्देशांकाप्रमाणे चालणारा) घ्या.

अमेरिकेबाहेरच्या, म्हणजे भारतातल्याही, खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली तर एफबार (या खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म) भरायला विसरू नका. पीआयएस (अनिवासींनी थेट शेअर घेण्याची योजना) वगैरे पुढे बघू.