मकरपुऱ्यातल्या वर्कशॉपला जहाजांच्या शाफ्टचं काम जमेल का?

तुमचा प्रश्न असा: मकरपुरा जीआयडीसीत (बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत) 10 फुटी लेथ आहे, बडोद्याला समुद्र नाही, तरी जहाजांचं काम घ्यावं का? आणि मोठ्या कंपन्यांनी सुरुवात कशी केली?

समुद्र नसल्याने काही अडत नाही, शाफ्ट, म्हणजे जहाजाचा पंखा (प्रोपेलर) फिरवणारा दांडा, ट्रकने जातो. अडतं ते कागदावर.

आधी मोठ्यांचं. मुंबईच्या माझगाव डॉकचं मूळ म्हणजे 1774 मधली, जहाजं दुरुस्त करायची एक छोटी सुकी गोदी. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली 1934 साली, सरकारने घेतली 1960 मध्ये आणि तिथे बांधलेली लिअँडर वर्गाची युद्धनौका 'निलगिरी' नौदलात आली 1972 मध्ये. तीही ब्रिटिश आराखड्यावर! म्हणून तुम्हीही दुरुस्तीपासूनच सुरू करा, नव्या बांधणीच्या टेंडरमागे धावू नका.

वेरावळ-पोरबंदरच्या मासेमारी बोटींचे शाफ्ट हा सोपा दरवाजा. त्यात 304 स्टेनलेस वापरू नका. स्टर्न ट्यूबमध्ये (शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या नळीत) पाणी साचून राहतं, तिथे त्याला बारीक खड्डे पडतात. 316 बरं.

मोठ्या जहाजाच्या शाफ्टचा जीव टेपरमध्ये, म्हणजे प्रोपेलर बसतो त्या निमुळत्या टोकात असतो. कीवाल्या (प्रोपेलर घसरू नये म्हणून पाचर बसवलेल्या) शाफ्टला साधारण 1:12 (दर 12 मिमी लांबीला व्यासात 1 मिमी), बिनकीच्याला 1:15 किंवा त्याहून कमी चढ. लेथवर मापात आला म्हणजे झालं असं नाही. शाफ्टला प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा पातळ हात द्या, प्रोपेलरचा हब (मधला भोकाचा भाग) चढवून काढा, निळे डाग बघा. किमान 70 टक्के भागावर, सगळीकडे सारखे उमटले पाहिजेत. नाहीतर हब आतून स्क्रेप करा (हाताने खरवडा), पुन्हा ब्लू. मोठ्या तोंडाकडे डाग नसतील तर हब तिथे सैल बसून घासतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. की-वेचे (कीच्या खाचेचे) कोपरे धारदार ठेवले तरी तेच; तळाला गोलाई हवी आणि पुढचं टोक हळूहळू वर आलेलं हवं.

बेअरिंगची लांबी अंदाजाने कधीच ठरवू नका. तेलावर चालणाऱ्या व्हाइट मेटलच्या (मऊ मिश्रधातूच्या) बेअरिंगला शाफ्टच्या व्यासाच्या दुप्पट, पाण्यावरच्या लिग्नम व्हिटी लाकडाला चौपट. हब आणि शाफ्टवरच्या ब्राँझ लायनरमधली (ब्राँझच्या नळीसारख्या आवरणामधली) रबर रिंग जाड झाली तर हब पूर्ण बसत नाही, पातळ झाली तर खारं पाणी आत शिरतं.

आता कागद. शाफ्टसाठीचा पोलादी बार क्लास सोसायटीच्या (जहाजांचा दर्जा तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या) दाखल्यासहच घ्या, मग ती इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग असो की दुसरी. कापण्याआधी सोसायटीच्या सर्व्हेअरला बोलावून हीट नंबर (पोलाद कोणत्या ओतणीतलं ते सांगणारा क्रमांक) आणि शिक्का दुसऱ्या तुकड्यावर उतरवून घ्या. घाईत आधी करवत लावली की उरलेला तुकडा क्लासच्या दृष्टीने भंगार. पोलाद तेच असलं तरी.

अलंगच्या जहाजतोडणी यार्डातून जुना शाफ्ट स्वस्तात मिळेल. पण दाखला नसल्याने क्लासच्या कामाला तो चालत नाही. टेपरवर हात बसवायला मात्र एक जरूर आणा.