गच्चीच्या कामासाठी मुदत ठेव मोडावी का?

नमस्कार. नाशिकच्या इंदिरानगरमधील आपल्या रो हाउसच्या 700 चौरस फूट गच्चीवर उष्णतारोधक शीट स्वतः बसवल्यास साहित्याला 62,000 रुपये लागतील, ठेकेदार तेच काम 1,05,000 रुपयांत करून देतो, नुसता पांढरा परावर्तक रंग 14,000 रुपयांत होतो, आणि यासाठी 7 टक्के व्याजाची मुदत ठेव मोडावी का, असे आपण विचारले आहे. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत एसीमुळे दरमहा 2,200 रुपये जादा बिल येते, हेही आपण कळवले, ते बरे झाले.

वर्षाचे जादा बिल 8,800 रुपये होते. शीटमुळे त्यातले निम्मे वाचले असे धरले, तर बचत 4,400 रुपयांची. आणि 62,000 रुपयांवर ठेवीचे व्याजच वर्षाला 4,340 रुपये मिळते, शिवाय मुद्दल शाबूत राहते. व्याजावर कर लागतो, वाचलेल्या बिलावर लागत नाही, आणि महावितरणच्या दररचनेत वाचणारी युनिटे आधी वरच्या, महाग टप्प्यातली असतात; हे दोन्ही मुद्दे आपल्या बाजूचे असले, तरी 62,000 रुपये 4,400 च्या बचतीतून वसूल व्हायला लागणारा सुमारे 14 वर्षांचा काळ त्यामुळे फारसा खाली येत नाही.

ठेकेदाराचे 43,000 रुपये वाचतील, हे मात्र मला पटत नाही. शीट अंथरणे सोपे आहे. अवघड आहे ते शीटमधले सांधे, कठड्याचा कोपरा आणि पावसाळी पाइपाचे तोंड बंदिस्त करून, वर जाळी टाकून, उतार न बिघडवता कोबा करणे. शीटखाली एकदा पाणी शिरले, की ते एका कोपऱ्यात मुरते आणि दुसऱ्याच खोलीत गळते, आणि गळतीचे मूळ शोधायला सगळा कोबा फोडावा लागतो.

म्हणून यंदा फक्त रंग द्यावा, आणि तो अवश्य स्वतः द्यावा. नाशिकची रात्र एप्रिलमध्येही बरीच निवते, पण दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता संध्याकाळनंतर खोलीत सोडत राहतो. पांढरा पृष्ठभाग ऊन आधीच परतवतो. दिवाळी झाली आहे, स्लॅब कोरडा आहे. भेगा बुजवून गच्चीवर 24 तास पाणी साठवून पाहावे, आणि गच्ची पूर्ण वाळल्यावरच रंग लावावा, नाहीतर त्याला फुगे येतात. काही वर्षांनी हात पुन्हा फिरवावा लागतोच, त्यामुळे हाही खर्च गुंतवणूक म्हणून नव्हे, सुखासाठी करावा. (निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत घर किंचित अधिक गार लागेल.)

हे 14,000 रुपये पुढच्या तीन महिन्यांच्या शिलकेतून काढावेत. आपणच लिहिल्याप्रमाणे ती ठेव म्हणजे घरातील अडीअडचणीची एकमेव सोय आहे, तिला हात लावू नये. मे महिन्याचे बिल आल्यावर रुपये नव्हे, युनिटे गेल्या वर्षीच्या मे महिन्याशी ताडून पाहावीत. तरीही शीट हवीच वाटली, तर त्यासाठी वेगळे आवर्ती खाते उघडून, गळतीची लेखी हमी देणाऱ्या ठेकेदाराकडूनच ते काम करून घ्यावे.