पावसाआधी घ्यायची पोच

मी एका नगरपालिकेच्या आवक-जावक टेबलावर 27 वर्षे बसले. आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या हातून जायचा, त्यामुळे लोकांचा पावसाळा मला अर्जांवरून कळायचा. मे महिन्यात गटारे आणि झाडे, जूनमध्ये घरात शिरलेले पाणी, जुलैत डास, श्रावण लागला की चतुर्थी. या सदराकडेही पत्रे त्याच क्रमाने येतात. यंदाची पत्रे गोव्यातल्या कुडचडे-काकोडा भागातली, नंदा तळ्याच्या आसपास राहणाऱ्यांची आहेत. मीही तळ्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर राहते, तेव्हा एखादे उत्तर लांबले तर समजून घ्या.

आमच्या घरामागचे गटार एप्रिलपासून मातीने बुजले आहे. नगरसेवकांना दोनदा सांगितले, ‘करूया’ म्हणाले. आता पाऊस तोंडावर आला. काय करावे?
— एक गृहिणी, काकोडा

ताई, तोंडी सांगणे आता पुरे. आज संध्याकाळीच अर्ज लिहायला बसा.

मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा. ‘आमच्या वाड्यावरचे गटार’ एवढ्याने भागत नाही. वाड्यावर चार गटारे असतात आणि कामगार भलत्याच ठिकाणी जाऊन परत येतात. प्रभाग, घर क्रमांक, कुणाच्या कुंपणापासून कुठल्या मोरीपर्यंत, अंदाजे किती मीटर, असे सगळे लिहा. मोबाईलवर काढलेला एखादा फोटो छापून जोडा. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक तिथे द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून घ्यायचा. हीच तुमची पोच. ज्या अर्जाला क्रमांक नाही तो पुढे कुणाच्याच टेबलावर पोचत नाही. ते रजिस्टर मी स्वतः लिहीत होते, म्हणून खात्रीने सांगते.

अर्जात एक ओळ आठवणीने घाला : ‘उपसलेला गाळ त्याच दिवशी उचलून न्यावा.’ गाळ काढून काठावर ढीग घातला की काम झाले असे सगळ्यांनाच वाटते. पहिल्या जोरदार सरीत तो ढीग पुन्हा गटारात बसतो. आपल्याकडे चार महिन्यांत सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या जुन्या हिशेबाने 118-120 इंच. त्यापुढे काठावरच्या सुट्या मातीचा काय टिकाव लागणार?

हे मी सोसून शिकले. काही वर्षांपूर्वी जलवाहिनी टाकणाऱ्या एका कंत्राटदाराने आमच्या घरासमोर चर खणला आणि माती गटारात लोटून ठेवली. त्याच्या मुकादमाला मी तीनदा सांगितले, तिन्ही वेळा तोंडीच. जूनमध्ये एका रात्री दोनच्या सुमारास सासूबाईंनी हाक मारली. स्वयंपाकघरात घोट्याच्या वर पाणी आले होते आणि उकड्या तांदळाचा डबा त्यात तरंगत होता. तांदूळ गेलेच, सासूबाईंच्या पोथ्यांची पेटीही खालून भिजली. त्यांनी पुढचे चार दिवस एकेक पान चुलीच्या उबेला धरून सुकवले. नुकसानीचे विचारायला गेले तेव्हा पहिलाच प्रश्न आला, ‘तुम्ही कळवले होते का? पोच आहे?’ माझ्याकडे नव्हती.

आठ दिवसांत कुणी फिरकले नाही, तर पोच घेऊन सॅनिटरी इन्स्पेक्टरला प्रत्यक्ष भेटा. माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो, पण त्याच्या उत्तराला 30 दिवसांची मुदत असते आणि पाऊस काही तोवर वाट बघत नाही. आधी माणसाला गाठा.

शेजाऱ्यांचा माड आमच्या कौलांवर कलला आहे. ते मनावर घेत नाहीत. पालिका तोडून देईल का?
— एक निवृत्त शिक्षक, कुडचडे

सर, गोव्यात माडाला 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याचे कवच आहे. 2016 मध्ये माड त्यातून वगळला होता. लोकांनी आवाज उठवला, 2017 मध्ये तो पुन्हा कायद्यात आला आणि राज्यवृक्षही झाला. ते योग्यच झाले. पण त्यामुळे माड तोडायला वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि तिच्यासाठी माडाच्या मालकाने अर्ज करायचा असतो. मालक ऐकतच नसेल आणि जिवाला धोका असेल, तर केपे तालुक्याच्या उपजिल्हाधिकाऱ्यांकडे जा. धोक्याचे झाड हटवण्याचा आदेश त्यांना देता येतो. हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 मध्ये होते, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे. अर्जात कलम लिहिले की टेबलावरच्या माणसाचेही काम सोपे होते.

तोवर पाडेलीला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला बोलावून नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्या, शेंडा हलका होईल. मजुरी निम्मी निम्मी देऊ असे शेजाऱ्यांना एकदा सुचवून बघा. पुष्कळदा तेवढ्यावरच गोष्ट मिटते. रात्री माड कोसळलाच तर अग्निशामक दलाला 101 वर कळवा. विजेच्या तारेवर पडला तर तारेच्या जवळपासही जाऊ नका, आधी 1912 लावा.

विहिरीत गप्पी मासे सोडायला सांगतात. थोडे तळ्यातही सोडले तर डास कमी होतील ना?
— बारावीचा विद्यार्थी, काकोडा

नको रे बाळा. गप्पी हा दक्षिण अमेरिकेतला मासा. बंद विहिरीत, टाकीत ठीक आहे. तळ्यात आपले गावठी मासे आहेत, डासांच्या अळ्या तेही खातात. त्यांच्यात हा परका मासा मिसळला की पिल्लांवर आणि अंड्यांवर ताव मारतो, आणि एकदा पसरला की काढता येत नाही.

शिवाय डेंगीचा डास तळ्यातून येत नाही, तो तुमच्या परसातून येतो. त्याला साठलेले स्वच्छ पाणी लागते आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. पोफळीखाली पडलेली विरी, म्हणजे झावळीचा रुंद देठ, उचलून बघ. तिच्या खोलगट टोकाला ओंजळभर पाणी असते आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. करवंट्या, जुने टायर, फ्रिजच्या मागचा ट्रेसुद्धा तसाच. आठवड्याचा एक वार ठरव आणि त्या दिवशी सगळे पाणी ओतून टाक.

पहिल्या पावसात रात्री बॅटऱ्या घेऊन बेडूक पकडायला लोक येतात. तक्रार पालिकेत करायची का?
— तळ्याकाठचे एक कुटुंब

पालिकेत नव्हे, वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात, आणि तेही त्याच रात्री. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बेडूक मारायला बंदी आहे. मोठा पिवळा बेडूक त्या दिवसांत विणीसाठी बाहेर पडतो, म्हणून तो सहज हाती लागतो. स्वतः भांडायला जाऊ नका. गाडीचा क्रमांक टिपून ठेवा.

आमचा गणपती आजोबांच्या काळापासून तळ्यात पोचवतो. तळे रामसार झाल्यावर आता ते चालेल का?
— एक वाचक, कुडचडे

42 हेक्टरांचे आपले नंदा तळे 2022 मध्ये रामसार यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. गोव्यातले ते पहिले. त्या यादीत गेले म्हणून तळ्याला कुलूप लागत नाही. साठवलेल्या पाण्यावर खालच्या अंगाची भातशेती आणि मासेमारी पूर्वीसारखीच चालते. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांनी बंदी आहे ती भराव आणि अतिक्रमणाला, कचरा टाकायला, सांडपाणी सोडायला. विसर्जनाची जागा दरवर्षी पालिकेत विचारून घ्या आणि ते चतुर्थीच्या आदल्या दिवशी नको, पंधरा दिवस आधी विचारा.

मूर्तीचे मात्र आत्ताच ठरवावे लागते. चित्रशाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, पाट नेऊन द्याल तेव्हा चिकणमातीचीच आणि साध्या रंगाची मूर्ती हवी असे स्पष्ट सांगा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीला बंदी आहेच, तरी ती बाहेरून येते. हातात घेतली की वजनाने कळते, मातीची जड लागते.

गेल्या श्रावणात मी बांधावर उभी होते. तळ्यातल्या पानांवरून कांस्यपंखी कमळपक्ष्याचा नर चालत होता. या पक्ष्यांत पिल्ले बापच सांभाळतो. मला आधी वाटले त्याला चारहून जास्त पाय आहेत. मग दिसले, पंखांखाली धरलेल्या पिल्लांचे बारीक पाय खाली लोंबत होते. तो तसाच चालत चालत मखराच्या थर्माकोलच्या एका तुकड्यापाशी आला, थांबला आणि वळसा घालून गेला. तो तुकडा आदल्या वर्षीच्या चतुर्थीचा असावा, कडा काळवंडल्या होत्या.

म्हणून विसर्जनाला निघताना एक रिकामी पाटी सोबत घ्या. हार, कापड, मखराचे तुकडे काठावरच त्यात उतरवा आणि पाण्यात फक्त मूर्ती जाऊ द्या. घरी मोठ्या बादलीत विसर्जन करणार असाल तर विरघळलेली माती कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत घालता येते, आमच्याकडे तीन वर्षे तसेच करतो. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीची, कवंडळे, चिबूड, सुपारीचे कात्रे माडाच्या आळ्यात जातील. माटोळी केवणीच्या झुडपाच्या सालीच्या दोरांनी बांधली असेल तर दोरही सोडवायला नकोत, त्यांच्यासकट माती घाला.