तुमचे प्रश्न : कंगोरा नसलेलं बाहुलीघर

सादर नमस्कार ताई. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. मुलीने मला बाहुलीघराचं किट पाठवलंय. एकास चोवीस प्रमाण, लेसरने कापलेले तीन मिलिमीटर प्लायचे तुकडे, दुमजली, सपाट गच्चीचं, अगदी आजकालच्या बंगल्यासारखं घर. समोर जमिनीपासून छतापर्यंत खिडक्या. नात दिवाळीत इंदूरला येईल, तोवर उभं करायचंय. दोन भिंती जोडून पाहिल्या तर कोपऱ्यात फट राहते. तुकड्यांच्या कडा जळकट आहेत, पांढरा रंग दिला तरी तपकिरी डाग वर येतात. बारीक कंगोरे, म्हणजे सांध्यांवर बसवायच्या नक्षीदार पट्ट्या, लावून हे झाकून टाकू का? – एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

काका, कंगोरे मुळीच लावू नका. जुन्या विलायती धाटणीच्या किटमध्ये ते चालतं. तिथे छताखाली कंगोरा, भिंतीला वॉलपेपर, तळाला पट्टी, छपरावर कौलं, आणि प्रत्येक वस्तूखाली एकेक सांधा दडलेला असतो. तुमच्या घरात भिंत सरळ छताला भिडते आणि मध्ये काही नाही. तेच त्याचं रूप आहे. म्हणून अशा घराचं निम्म्याहून जास्त काम गोंदाची बाटली उघडण्याआधीच संपायला हवं.

मी बरीच वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात मॉडेलं बनवली. तिथे शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे सगळं घर आधी कोरडं उभं करायचं. गोंदाशिवाय, नुसत्या मास्किंग टेपवर. तळाची पाटी खरोखर सपाट आहे ना, ते काचेवर ठेवून बघा. कोपऱ्यात लहान गुण्या लावा. फट बहुधा भिंतीमुळे नसते, खाचेत राहिलेल्या कुसळामुळे किंवा प्लाय किंचित वाकल्यामुळे असते. कुसळ असेल तर कानशीचा एक हात पुरतो. प्लाय वाकला असेल तर दोन्ही बाजूंनी सीलर लावून, सपाट फळ्यांमध्ये दाबून रात्रभर ठेवा. एकाच बाजूला पाण्याचा रंग लावला की पातळ प्लाय हमखास वाकतो, मग तो रंग कितीही भारी असो. आपल्याकडे पावसाळ्यात तर जास्तच. म्हणून जो थर पुढे, तोच मागे, मागची बाजू कुणाला दिसणार नसली तरी.

आता जळकट कडा. लेसर लाकूड जाळत जाळत कापतो, तेव्हा ती काजळी आणि लाकडातला रस पाण्याच्या रंगातून वर झिरपतो. तुम्ही पांढऱ्याचे चार हात दिलेत तरी तो येतच राहणार. कडेवरून २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा आणि मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून एक पातळ हात द्या. फर्निचरला पॉलिश करणारा कोणताही सुतार ती देईल, नाहीतर सियागंजात रंग-हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. लाखेतून डाग वर येत नाही. ती वाळली की प्रायमर, मग रंग. मात्र ज्या दात्यांनी एक तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसतो, त्यांच्यावर आधी टेप चिकटवा. लाख, प्रायमर आणि रंगाचे दोन हात मिळून दाता जाड होतो, खाचेत शिरत नाही. मग माणूस जोर लावतो आणि पातळ प्लायचा पापुद्रा निघतो.

रंग जोडणीच्या आधीच द्यायचा, ब्रशने नाही, स्पंजच्या तुकड्याने थापून. एकास चोवीसमध्ये ब्रशची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या भिंतीवर बारा मिलिमीटरचा चर. असली भिंत कुणा पेंटरने केली तर आपण त्याला पैसे देऊ का? रंग मॅटच घ्या. चकचकीत रंगावर खोलीतल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि घर त्या क्षणी खेळणं होऊन जातं.

एवढं करूनही भिंत आणि छत यांच्यात केसाएवढी फट उरली, तर ती लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवायला जाऊ नका. बुजवलेली जागा वेगळ्या पोताची दिसते आणि पुढच्या उन्हाळ्यात तडकते. त्याऐवजी ती फट सगळीकडे सारखी करा. छत टेकवताना भिंतीच्या माथ्यावर, कडेपासून थोडं आत, एक मिलिमीटर जाडीच्या कार्डाची पट्टी चिकटवा आणि तिला काळपट करडा रंग द्या. छत त्या पट्टीवर बसतं. बाहेरून भिंत आणि स्लॅब यांच्यामध्ये एक सलग काळी रेघ दिसते आणि स्लॅब अलगद ठेवल्यासारखा वाटतो. आधुनिक इमारतींत आर्किटेक्ट अशी सावलीची रेघ मुद्दाम सोडतात, कारण दोन वेगळ्या वस्तू अगदी तंतोतंत भिडवणं खऱ्या बांधकामातही अवघड असतं. मला या सगळ्या घरात ही रेघ सर्वांत जास्त आवडते. ती सरळ आली की बाकी घर आपोआप नेटकं दिसायला लागतं.

एक गोष्ट किटच्या माहितीपत्रकात बहुतेक नसेल. तीन मिलिमीटर प्लाय म्हणजे चोवीसपट केल्यावर बहात्तर मिलिमीटर, जेमतेम तीन इंच. आपल्याकडे बाहेरची विटांची भिंत नऊ इंची. म्हणून उघड्या दर्शनी बाजूने घर पुठ्ठ्याचं वाटतं. समोर दिसणाऱ्या कडांना आतून सहा मिलिमीटर जाडीची पट्टी लावा, म्हणजे भिंत तिथे नऊ मिलिमीटरची दिसेल. फक्त कडांना, सगळ्या भिंतीला नको. खिडक्यांना किटमधली जाड अॅक्रिलिक वापरण्यापेक्षा पातळ पारदर्शक शीट घ्या. खजुरी बाजारात स्टेशनरीच्या दुकानांत प्रोजेक्टच्या फायलींवर लावायची मिळते. एक मिलिमीटर अॅक्रिलिक म्हणजे खऱ्या घरात चोवीस मिलिमीटरची काच, एवढी कुणी लावत नाही. आणि काचेजवळ झटपट चिकटणारा गोंद आणू नका. त्याची वाफ काचेवर बसून पांढरी झाक येते, ती पुसून जात नाही. तिथे फेव्हिकॉलचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पुरतात. फेव्हिकॉल वाळला की पारदर्शक होतो.

काका, तुम्ही इंदुरात राहता म्हणून आणखी एक सांगते. नमुना बघायला परदेशी फोटो धुंडाळायची गरज नाही. माणिकबाग आपल्याच गावात आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टकडून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधून घेतलेला राजवाडा. राजवाडा म्हटल्यावर डोळ्यांसमोर कमानी, घुमट, सोनेरी वेलबुट्टी येते, त्यातलं तिथे काहीच नव्हतं. साध्या सपाट भिंती, धातूचं आणि काचेचं फर्निचर, त्या काळच्या युरोपातल्या नामवंत डिझायनरांच्या वस्तू: आयलीन ग्रेची खुर्ची, ल कॉर्बुझिएच्या स्टुडिओतली आरामखुर्ची, रुलमानचं टेबल, दा सिल्वा ब्रुन्सचे गालिचे. ते सामान १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं आणि आज तिथे केंद्रीय कर खात्याची कचेरी आहे. मात्र आतल्या खोल्यांचे जुने फोटो छापलेले आहेत, इंटरनेटवरही दिसतात. ते भिंग घेऊन बघा. खोलीत वस्तू किती थोड्या आहेत आणि त्यांच्यात मोकळी जागा किती सोडली आहे, हे बघण्यासारखं आहे. तुमच्या बैठकीतही सोफा, एक खुर्ची, एक गालिचा यापलीकडे जाऊ नका. आणि स्टीलच्या पाइपची खुर्ची घरी सहज होते. एक मिलिमीटरची जर्मन सिल्व्हरची तार म्हणजे चोवीसपट केल्यावर जवळपास एक इंची पाइप, नेमका खऱ्या खुर्चीला असतो तेवढा. पेन्सिलीभोवती वाकवली की वळणं गोल येतात.

मावशी, माझ्या बाहुलीघरात पाच छोटे एलईडी लावायचे आहेत. किटबरोबर एक बटन सेल आला होता, पण त्यावर दिवे मिणमिणतात आणि लवकर मंद होतात. सेल खराब असेल का? शिवाय लाइट लावले की भिंतीच्या जोडांतून उजेड बाहेर येतो. – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

सेल चांगला असेल, ओझं जास्त आहे. बटन सेल थोडासा प्रवाह बराच काळ द्यायला बनवलेला असतो, पाच दिवे एकदम ओढायला नाही. तुमचा जुना मोबाइलचा चार्जर काढा, तो पाच व्होल्ट देतो. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. उरलेले दोन व्होल्ट अडवायला प्रत्येक एलईडीला स्वतःचा २२० ओहमचा रेझिस्टर लावा आणि असे पाचही संच समांतर जोडा. सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर नको, मग एक दिवा प्रखर आणि दुसरा फिका होतो. हे सगळं महाराणी रोडवर सुटं मिळतं. तिथे ‘वॉर्म व्हाइट’ म्हणूनच मागा. निळसर पांढऱ्या उजेडात घर दवाखान्यासारखं दिसतं.

आधुनिक घरात दिवा दिसत नाही, उजेड दिसतो. छताच्या कडेला पाच-सहा मिलिमीटर उंचीची पट्टी उभी करून दिवे तिच्यामागे ठेवा, म्हणजे उजेड छतावर पडून खाली उतरेल. तारा मजला चिकटवायच्या आधीच खालून न्या. मागून न्यायला जागा राहत नाही, आणि भिंतीवरून लोंबणारी तार अशा घरात फार खुपते.

जोडांतून उजेड येतोय म्हणजे सांध्यात फट आहे. घर आता उभं झालंय, तर ते उघडू नका. जोडाच्या न दिसणाऱ्या बाजूने अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, पण उघड्या तारांपासून लांब, कारण ती वीज वाहून नेते. जिथे तार जवळ आहे तिथे काळ्या रंगाचे दोन हात द्या.

ताई, चार वर्षांच्या मुलाला असं किट द्यावं का? नणंदेने आणलंय. – ग्वाल्हेरहून एक वाचक

बनवायला नाही. जोडून पूर्ण झालेलं बघायला चालेल, तेही तुम्ही जवळ असताना. खोक्यावर वय चौदा किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असेल तर ते मनावर घ्या. बारीक तुकडे घशात अडकतात. सगळ्यांत मोठा धोका मात्र बटन सेलचा आहे. मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आतसुद्धा आतून भाजतं. शंका आली तरी उलटी करवत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. किटमधला सेल आजच काढून, टेप गुंडाळून, उंच कपाटात ठेवा. मुलाच्या हातात भातुकलीची मोठी लाकडी भांडी द्या, नणंदेला वाईट वाटणार नाही.

आजीची पितळी भातुकली माझ्याकडे आहे. ती नव्या बाहुलीघराच्या स्वयंपाकघरात मांडली तर काहीतरी चुकल्यासारखं दिसतं. किट एकास चोवीसचं आहे. भांडी इतकी सुंदर आहेत की ठेवायचीच आहेत. – एक वाचक, वडोदरा

एकेक भांडं फूटपट्टीवर मोजा. आपली जुनी भातुकली पोरींच्या हातात बसावी म्हणून बनवलेली, बाहुलीच्या नव्हे. दोन इंचांची कढई तुमच्या घरात चोवीसपट होऊन चार फुटांची होते, लग्नाच्या पंगतीला पुरेल अशी. डोळ्याला तेच खटकतं. एकास बाराच्या घरातही ती दोन फुटांची ठरते. भातुकलीतलं सगळ्यांत लहान फुलपात्र बघा. ते अर्ध्या इंचाचं असेल तर तुमच्या बाहुल्यांच्या अंगणात फूटभराची बादली म्हणून शोभेल. एक-दोन मोठी भांडी गच्चीवर ठेवा, त्यात बारीक वाळलेलं शेवाळ लावा, कुंड्या होतील. आजच्या बंगल्यांच्या गच्चीवर जुन्या पितळी घंगाळात झाडं लावतातच की. बाकीची भातुकली शेजारी वेगळ्या पाटावर मांडा.

स्वयंपाकघराला लागणारी मापं देते. ओटा खऱ्या घरात साधारण ८६ सेंटीमीटर उंच, म्हणजे तुमच्याकडे ३६ मिलिमीटर. खुर्चीची बैठक ४५ सेंटीमीटर, तुमच्याकडे १९ मिलिमीटर. दरवाजा सात फुटी, म्हणजे साडेतीन इंच. जमिनीला दोन बाय दोन फुटी फरशी दाखवायची तर २५ मिलिमीटरचे चौकोन, आणि मधली रेघ कठीण पेन्सिलीने इतकी पुसट की जवळ गेल्यावरच कळावी. डबे मोत्यांचे आणि बटणांचे छान होतात. लाटणं म्हणून टूथपिकचा मधला तुकडा घ्या, पंधरा मिलिमीटरच्या आतबाहेर. पोळपाटाला तळाशी तीन पाय लावायला विसरू नका, बायका पहिल्यांदा तेच बघतात.

पितळी भांडी चिंचेने घासून घरात मांडणार असाल तर पूर्ण कोरडी करून मगच ठेवा. ओलसर पितळेखाली पांढऱ्या ओट्यावर हिरवट डाग पडतो.