पाय गरम लागला म्हणून फसू नकोस

बेटा,

ओपीडीत शुगरचे पेशंट इतके झालेत की आकडा पाहून गोळी लिहिण्यापलीकडे वेळच मिळत नाही, असं तू लिहिलंस. बाजाराच्या दिवशीच्या रांगा मीही काढल्या आहेत, म्हणून तुला दोष देत नाही. पण त्या आकड्याच्या मागे काय चालतं, ते डोळ्यांसमोर असलं म्हणजे हात आपोआप योग्य जागी जातो.

संत्र्याच्या बागेत ओलीत करणारा माणूस तू पाहिला असशील. एका झाडाचं आळं भरलं की तो फावड्याने माती ओढतो आणि पाणी दुसरीकडे वळवतो. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर हेच काम करतं. नायट्रिक ऑक्साइड सोडून ते वाहिनी सैल करतं. या शोधासाठी १९९८ चं नोबेल मिळालं. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की हा वायू कमी पडतो आणि वाहिनी आवळणारी द्रव्यं वरचढ होतात. पाणी असतं, पाटही असतो, पण वळवणाराच भानावर नसतो.

माझी एक चूक सांगतो. एक काका यायचे, बारा वर्षांची शुगर. पाऊल हातात घेतलं तर गरम, वरच्या शिरा टरारलेल्या, नाडी ठणठणीत. "रक्तपुरवठा चांगला आहे," म्हणून मी त्यांना घरी पाठवलं. टाचांच्या कोरड्या भेगा पाहिल्या होत्या, पण त्यांचा अर्थ लावला नाही. वावरात तुरीचं धसकट तळव्यात घुसलं आणि त्यांना कळलंही नाही. मोज्याला पू लागला तेव्हा सुनेने पाहिलं. शेवटी अंगठा काढावा लागला.

ते पाऊल गरम का होतं? वाहिन्यांना आवळून धरणाऱ्या स्वायत्त, म्हणजे आपल्या नकळत आपोआप काम करणाऱ्या, नसा मेल्या होत्या. त्यामुळे धमनीतून थेट शिरेत जाणाऱ्या आडवाटा सताड उघडल्या आणि रक्त केशवाहिन्यांना वगळून परत फिरलं. ज्या पेशींना प्राणवायू हवा त्या उपाशीच राहिल्या. त्याच नसा गेल्याने घाम थांबला, म्हणून त्या भेगा. ठणठणीत नाडीवर मी विसंबलो, तू विसंबू नकोस.

मूत्रपिंडात गंमत उलटी. तिथे गाळणीत येणारी वाहिनी सैल पडते आणि बाहेर जाणारी आवळते, म्हणून गाळणीवर दाब चढतो. सुरुवातीला मूत्रपिंड उलट जास्तच गाळतं. मूत्रपिंड कसं गाळतं ते सांगणारा रक्तातला आकडा, क्रिएटिनिन, बरा दिसतो आणि आपण निश्चिंत होतो, तोवर लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जायला लागलेलं असतं. म्हणून लघवी तपासायला विसरू नकोस.

आणि आपल्या भागातली खरी भीती ही: मे महिन्यात वावरातला काडीकचरा वेचणारी बाई, पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, प्यायला पुरेसं पाणी नाही, आणि कंबर दुखते म्हणून दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी. ही गोळी येणाऱ्या वाहिनीला सैल ठेवणारी द्रव्यंच बंद करते. आधीच आटलेला प्रवाह आणखी आटतो. "दुखण्याची गोळी कोणती खाता?" हे प्रत्येकीला विचार. 'औषध चालू आहे का?' एवढंच विचारशील तर ती नाही म्हणेल, कारण तिच्या लेखी ते औषधच नाही.

चक्कर येते म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचं बीपी पाच मिनिटं झोपवून घे, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी घे. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहाने उतरला, तर उभं राहताना वाहिन्या आवळत नाहीत असं समज. अशा माणसाला बीपीची गोळी वाढवून देणं म्हणजे त्याला विहिरीच्या काठावर नेऊन उभं करणं.

पायाच्या नसांना कंप जाणवतो का ते तपासायला माझा १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क एसटीने पाठवतोय. आधी पेशंटच्या मनगटावर टेकव, म्हणजे कंप कसा लागतो ते त्याला कळेल. मग डोळे मिटायला सांग आणि पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेव. "थांबलं" असं तो म्हणाला की लगेच फोर्क स्वतःच्या अंगठ्यावर टेकवून बघ, तुला अजून किती वेळ लागतंय ते. चप्पल काढायला बाया संकोचतात, पायाला माती आहे म्हणतात. ओला फडका टेबलाशी ठेव आणि पाय तूच पूस.

तुझा,
सर