नवी नोकरी आणि मशीनवरचे जुने हात

प्रश्न : ताई, मी मूळची बार्शीची, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, सध्या भोसरीत आत्याकडे राहते. सोमवारी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला ट्रेनी म्हणून जॉइन होतेय, गाड्यांचे पार्ट बनतात तिथं. इंटरव्ह्यूच्या दिवशी शॉप बघितलं तर मशीनवर सगळे वीस-वीस वर्षं काम केलेले लोक, मुली दोन-तीनच. त्यांचा माल मी रिजेक्ट केला तर ते ऐकतील का माझं? इम्प्रेशन चांगलं पडावं असं खूप वाटतंय, पण आगाऊ नको वाटायला.

उत्तर : अगं, आधी अभिनंदन! भोसरी एमआयडीसीत मी १९ वर्षं क्वालिटीलाच काढलीत, त्यामुळं तुझी धाकधूक कळतेय मला. जॉइन झाल्यावर तिसऱ्याच दिवशी मी बुशचा (पोकळ गोल पार्टचा) अख्खा लॉट लाल बिनमध्ये, म्हणजे बाद मालाच्या डब्यात टाकायला लावला होता, बाहेरचा डाया (व्यास) ४० मायक्रॉन जास्त येतोय म्हणून (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). लेथवरचे काका काहीच बोलले नाहीत, माझ्या हातातला व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) घेतला, जबडे फडक्यानं पुसले, बंद केले आणि माझ्यासमोर धरला, तर शून्याला शून्य जुळतच नव्हतं, दोन घरं पुढं. एका घराचं माप (लीस्ट काउंट) ०.०२ मिलिमीटर, म्हणजे ते ४० मायक्रॉन माझ्या व्हर्नियरचेच! मी तिथंच सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं, सुपरवायझरला स्वतः जाऊन सांगितलं आणि पूर्ण लॉट परत मोजला. दुसऱ्या दिवसापासून तेच काका मला ड्रॉइंग समजावून सांगायला लागले.

म्हणून सांगते, रोज सकाळी आधी झिरो चेक कर, कॅलिब्रेशनच्या (साधन तपासल्याच्या) स्टिकरवरची तारीख बघ, मगच मशीनजवळ जा. आणि मशीनवरून उतरलेला गरम पीस लगेच मोजू नकोस, ५० मिलिमीटरचा स्टीलचा पीस २० डिग्रीनं जास्त गरम असला तरी ११-१२ मायक्रॉन मोठा दिसतो आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कमी असेल तर तिथंच वाद होतो.

माल खरंच बाद असेल तर रजिस्टरमध्ये लिहायच्या आधी ड्रॉइंग आणि पीस घेऊन ऑपरेटरकडे जा, 'दादा, हे मला जास्त येतंय, तुम्ही एकदा मोजता का' एवढंच म्हण, त्याच्या हातानं तेच रीडिंग आलं की भांडायला काही उरतच नाही. पण 'सोडा ना मॅडम, चालतंय' म्हणाले तर सोडायचं नाही हं, सिनियरला बोलव. पहिल्यांदा सोडलंस की दर वेळी सोडावं लागतं, हे मी दुसऱ्या मुलींचं होताना बघितलंय.

पहिले पंधरा दिवस खिशात छोटी वही ठेव आणि प्रत्येक पार्ट गाडीत कुठं बसतो ते विचारत जा. असं विचारलेलं जुन्या माणसांना आवडतं, कारण एरवी त्यांना कोणी विचारतच नाही.

कंपनीची बस असेल तर तीच धर, चाकणला तळेगाव चौकात ट्रॅफिक लागलं की अर्धा तास कुठं गेला कळत नाही. उशीर होणार असं दिसलं की शिफ्ट सुरू व्हायच्या आधी इन्चार्जला फोन कर, आठवणीनं नंबर घेऊन ठेव. आणखी एक, २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीत महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, तिची नावं बोर्डवर असतात, पहिल्याच आठवड्यात वाचून ठेव. गरज पडेलच असं नाही, पण माहीत असलं की मन घट्ट राहतं.

ओढणी, बांगड्या, अंगठी घरी ठेव, केस घट्ट बांधून टोपीत घाल, फिरत्या चकजवळ (पीस धरून फिरवणाऱ्या भागाजवळ) हातमोजे घालून जाऊ नकोस. सेफ्टी शूजनं सुरुवातीला टाच सोलते, जाड सुती मोजे आत्ताच घेऊन ठेव.